कोणते दोनशे? सॅम्पल ठरवताना व्यवस्थापकाने पाळायचा क्रम

"साहेब, सॅम्पल किती घ्यायचं?" लातूरकडच्या शेतकरी कंपनीचा सीईओ हेच विचारतो, वाळूजच्या कारखान्यातला क्वालिटी मॅनेजरही हेच विचारतो. मी दोनशे म्हटलं की दोघं दोनशे लिहून घेतात आणि कामाला लागतात. कोणते दोनशे, हे कुणी विचारत नाही. मग ते दोनशे कोण निवडतं? गावात फॉर्म भरायला पाठवलेलं पोरगं निवडतं, गोदामात हमाल निवडतो, कारखान्यात दाराजवळची पेटी निवडली जाते. पुढचा सगळा हिशेब बरोबर येतो आणि निर्णय चुकतो.

म्हणून खालचा क्रम पाळा. "किती" हा प्रश्न यात चौथ्या टप्प्यावर आहे आणि तो तिथेच ठेवायचा आहे. सोयीसाठी एक उदाहरण शेवटपर्यंत धरू: समजा, ४,२०० सभासदांची एक शेतकरी कंपनी आहे आणि पुढच्या हंगामात सोयाबीनचं नवीन संकलन केंद्र उघडावं का, हे तिला ठरवायचं आहे. मालाच्या तपासणीची गोष्ट वेगळी असते, तिच्यासाठी सातवा टप्पा आहे.

## टप्पा १ : निर्णय आधी लिहा, प्रश्नावली नंतर

एका कागदावर दोन वाक्यं लिहा. "इतक्या टक्क्यांच्या वर उत्तर आलं तर आम्ही केंद्र उघडू. खाली आलं तर उघडणार नाही." आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण सर्वेक्षणाच्या आधी ठरवा आणि खाली संचालकांच्या सह्या घ्या. नंतर ठरवलेला आकडा नेहमी आलेल्या उत्तराच्या सोयीचा निघतो. काहीही उत्तर आलं तरी केंद्र उघडायचंच असेल, तर सर्वेक्षणाचा खर्च वाचवा आणि त्या पैशात ताडपत्र्या घ्या.

आता मोजायचं कुणाला, हे ठरवा. सभासद, कुटुंब की क्विंटल? हा फरक बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दोन एकरवाला सभासद एक आणि चाळीस एकरवालाही एकच. "६० टक्के सभासद माल आणणार" याचा अर्थ "६० टक्के माल येणार" असा होत नाही. मोठे पाच-पन्नास शेतकरी आडतीवर उचल घेऊन बसलेले असतील, तर सभासद येतील पण गोदाम भरणार नाही. केंद्राचा खर्च क्विंटलवर निघतो. तेव्हा प्रश्नावलीत "आणणार का?" एवढंच विचारू नका, मागच्या हंगामात किती कट्टे झाले आणि ते कुठे घातले, हेही विचारा.

तपासा : हिशेबाच्या शेवटी जो तक्ता हवा आहे, तो आत्ताच रिकामा आखून पाहा. त्यातला एखादा रकाना कोणत्या प्रश्नातून भरणार हे सांगता येत नसेल, तर प्रश्नावली अजून तयार नाही.

## टप्पा २ : यादी साफ करा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. ज्याचं नाव यादीत नाही, तो सॅम्पलमध्ये कधीच येणार नाही. ज्याचं नाव पाच वेळा आहे, त्याला पाचपट संधी मिळणार. याच्यावर नंतर कोणतंही सॉफ्टवेअर औषध देत नाही.

आपल्याकडची नेहमीची चूक सातबाऱ्यापासून सुरू होते. सातबारा हा जमिनीचा उतारा आहे, शेतकऱ्याचा नाही. गावातले सातबारे ओळीने घेऊन त्यातून गट नंबर उचलले, तर ज्याच्या पाच गटांत जमिनी आहेत तो पाच वेळा रांगेत उभा असतो. शेतकरी निवडायचा असेल तर आठ-अ ची यादी जास्त जवळची, कारण ती खात्याप्रमाणे असते. पण तिथेही सामाईक खाती आहेत, एकाच घरातली तीन वेगवेगळी खाती आहेत आणि वारस न लागलेली मयत माणसं आहेत.

कंपनीची स्वतःची सभासद यादी घेतली तर दुखणं वेगळं निघतं. सभासद नोंदवताना गटप्रमुखाने भराभर फॉर्म भरलेले असतात आणि मोबाइल नंबरच्या रकान्यात स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. मी एक यादी नंबरनुसार लावून पाहिली, तेव्हा एकाच नंबरावर एकतीस सभासद निघाले. फोनवरून सर्वेक्षण झालं असतं तर त्या एका माणसाने एकतीस जणांच्या वतीने उत्तरं दिली असती, आणि आनंदाने दिली असती.

साफसफाई अशी करा:

१. एक्सेलमध्ये यादी आधी मोबाइल नंबरनुसार लावा, मग गाव आणि आडनावानुसार. दोन्ही वेळा दुबार नावं दिसतील ती काढा.

२. मयत, गाव सोडून गेलेले आणि जमीन विकलेले वेगळ्या पानावर न्या. खोडून टाकू नका, पुढे कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

३. प्रत्येक ओळीपुढे गाव, तालुका आणि बागायत की जिरायत, एवढं तरी असू द्या. तिसऱ्या टप्प्यात हे लागतं.

४. प्रत्येक ओळीला १ पासून क्रमांक द्या आणि फाइल बंद करा. यानंतर यादीत बदल नाही.

मग उलटीकडून विचार करा: यादीत कोण येऊच शकत नाही? बटईने करणारा यादीत नाही, पण सोयाबीन काढून विकणारा तोच असतो. नवऱ्यामागे शेती पाहणाऱ्या बाईच्या नावावर अनेकदा जमीन नसते, म्हणून ती सभासदही नसते. ही माणसं तुमच्या निर्णयाला लागणार असतील तर त्यांची वेगळी यादी गावातून करून घ्यावी लागेल. नसेल करायची तर अहवालात स्पष्ट लिहा की हे निष्कर्ष नोंदणीकृत सभासदांपुरते आहेत.

तपासा : यादीतली वीस नावं चिठ्ठीने काढून गावात शोधा. गावात शेतात काम करणारी वीस माणसं गाठून यादीत शोधा. कोणत्याही एका बाजूने चार-पाचपेक्षा जास्त नावं सापडायची राहिली, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३ : निवडीची पद्धत ठरवा

पुस्तकात या पद्धतींची नावं बरीच आहेत. व्यवस्थापकाला चार पुरतात.

साधी चिठ्ठी. यादीतल्या प्रत्येकाला सारखी संधी. यादी चांगली असेल आणि माणसं फार विखुरलेली नसतील, किंवा काम फोनवर होणार असेल, तर हीच घ्या. हिशेब सोपा राहतो.

ठरावीक अंतराने. दर बारावा सभासद, दर चाळिसावा नग. सोयीची पद्धत, पण यादीला किंवा मशीनला स्वतःची लय असेल तर फसवते. प्लास्टिकच्या एका कारखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. मोल्डला आठ खाचे होते आणि तपासणीला दर चाळिसावा नग जायचा. नग खाच्यांच्या क्रमानेच पट्ट्यावर पडत होते. चाळीसला आठने पूर्ण भाग जातो, त्यामुळे महिनोन्‌महिने एकाच खाच्याचे नग तपासले जात होते. खराब होता पाचवा खाचा. तक्रारी गिऱ्हाइकाकडून यायच्या आणि आतले तक्ते हिरवेगार. अंतर सदतीस केलं आणि दुसऱ्याच पाळीत दोष सापडला. आठवडी बाजाराच्या गावात "दर सातव्या दिवशी" आवक मोजणाऱ्याचंही असंच होतं: एक तर दर वेळी बाजाराचा दिवस, नाही तर एकदाही नाही.

थर पाडून. बागायतदार आणि जिरायतदार यांची उत्तरं वेगळी असणार, हे आधीच माहीत असेल तर यादीचे दोन भाग करा आणि दोन्हींतून स्वतंत्र चिठ्ठ्या काढा. छोट्या गटातून मुद्दाम जास्त माणसं घेतली तरी चालतं. मात्र मग हिशेबात वजन द्यावं लागतं. ते आठव्या टप्प्यात.

गावं निवडून. चार हजार सभासद शंभर-दीडशे गावांत पसरलेले असतील, तर साध्या चिठ्ठीत गाडीचं डिझेलच परवडणार नाही. मग आधी गावं निवडायची, नंतर त्यातली माणसं. मराठवाड्यातल्या बहुतेक सर्वेक्षणांना हीच पद्धत लागते आणि याच पद्धतीत सगळ्यात जास्त घोळ होतात.

पहिला घोळ: सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या सारख्याच टाकायच्या आणि प्रत्येक गावातून सहा माणसं घ्यायची. वीस सभासदांच्या वाडीत प्रत्येकाला विसात सहा संधी, तीनशे सभासदांच्या मोठ्या गावात तीनशेत सहा. म्हणजे वाडीवरच्या माणसाला पंधरापट संधी मिळाली. यावर उपाय असा. गावांची यादी करा आणि पुढे सभासदांची चढती बेरीज लिहीत जा. ४,२०० सभासद आणि ६० जागा, म्हणून अंतर आलं ७०. १ ते ७० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा. समजा ४३ आला. मग ४३, ११३, १८३ असं ७० ने पुढे जा आणि तो आकडा ज्या गावाच्या बेरजेत पडेल ते गाव घ्या. तीनशेचं गाव चार-पाच वेळा लागेल. जितक्या वेळा लागेल तितके सहा-सहा सभासद तिथून घ्या. सहापेक्षा कमी सभासदांची वाडी असेल तर ती आधीच शेजारच्या गावात मिळवून टाका. एवढं केलं की सगळ्यांची संधी सारखी होते.

दुसरा घोळ: गावं कमी घ्यायची आणि एका गावात गर्दी करायची. "आता इथपर्यंत आलोच आहोत तर अजून दहा घरं करून टाकू." पण एका गावाची विहीर-बोअरची परिस्थिती एक, आडत्या एक, रस्ता एक. पहिल्या पाच-सहा जणांनंतर सातवा माणूस नवीन फारसं सांगत नाही. एका गावातल्या उत्तरांचं आपसातलं साम्य (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळ्यांचं उत्तर एकच) ०.०५ इतकं जरी धरलं, तरी २० गावांत १८ प्रमाणे केलेल्या ३६० मुलाखती साध्या चिठ्ठीतल्या सुमारे १९५ मुलाखतींच्या तोलाच्या भरतात. तेच ३६० जण ६० ठिकाणी सहा-सहा प्रमाणे घेतले तर २८८ च्या तोलाचे होतात. डिझेल वाढतं हे खरं, पण मुलाखतींचा खर्च तोच राहतो.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्मची लिंक टाकणं, ऑफिसात आलेल्यांना विचारणं, आठवडी बाजारात उभं राहून फॉर्म भरून घेणं? हे कच्च्या अंदाजासाठी, प्रश्नावलीची भाषा तपासायला चालेल. टक्केवारीसाठी नाही. मी स्वतः एकदा तालुक्याच्या गावी ऑफिसात येणाऱ्या सभासदांकडून फॉर्म भरून घेतले होते. बहुतेकांनी केंद्र हवंच म्हणून सांगितलं. केंद्र उघडलं आणि पहिल्या हंगामात गोदामात मांजरं झोपली. ऑफिसात येणारे होते तेच आधीपासून माल आणणारे होते. न येणाऱ्यांना मी विचारलंच नव्हतं.

## टप्पा ४ : आता विचारा, किती

हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नाला, ९५ टक्के भरवशावर (म्हणजे असं सॅम्पल शंभरदा काढलं तर साधारण ९५ वेळा चूक ठरवलेल्या मर्यादेत राहील), साध्या चिठ्ठीच्या सॅम्पलसाठी हे आकडे पाठ करून ठेवा. दहा टक्के इकडे-तिकडे चालत असेल तर ९७. पाच टक्के चालत असेल तर ३८५. तीन टक्केच हवे असतील तर १,०६८. चूक निम्मी करायची म्हटली की सॅम्पल चौपट होतं, हे बजेट मंजूर करणाऱ्याने पक्कं ध्यानात ठेवावं.

एकूण सभासद किती, याचा या आकड्यांवर फारसा परिणाम होत नाही. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, पण भात घरचा असो की लग्नातला, नीट हलवलेला असेल तर शितं तेवढीच दाबून पाहावी लागतात. एक लाखाच्या यादीलाही साधारण ३८३ लागतात. यादी लहान असली तरच थोडी सूट मिळते: ४,२०० साठी ३५२ पुरतात, ५०० साठी २१७. म्हणजे "एकूणच्या दहा टक्के घ्या" या नियमाला बूड नाही. ५०० च्या यादीतून ५० घेतले तर फार कमी पडतात आणि एक लाखातून दहा हजार घेतले तर पैसे वाया जातात.

तीन गोष्टी यात धरायच्या राहून जातात. गावं निवडून काम करणार असाल तर वर सांगितलं तसा मुलाखतींचा तोल घटतो, म्हणून सॅम्पल तेवढं फुगवा. न भेटणाऱ्यांसाठी वाढीव नावं आधीच यादीत धरा, नंतर रस्त्यात शोधू नका. आणि संचालकांना तालुकावार आकडे हवेत का, हे आत्ता विचारा. लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत. ३५२ जण दहात वाटले तर तालुक्याला पस्तीस येतात, आणि पस्तीस जणांवर चुकीची मर्यादा सतरा टक्क्यांच्या आसपास जाते. औसा ५५ आणि निलंगा ४५ असा तक्ता बघून कुणीतरी निलंग्याच्या माणसाला झापतो. त्या दहा टक्क्यांना काही अर्थ नसतो.

सावध : हे आकडे फक्त चिठ्ठीच्या नशिबाने होणारी चूक सांगतात. यादी चुकली, माणूस खोटं बोलला, पोराने झाडाखाली बसून फॉर्म भरले, यातलं काहीही त्यांत धरलेलं नसतं.

## टप्पा ५ : निवड करा आणि गोठवा

एक्सेलमध्ये प्रत्येक नावापुढे रँड हे सूत्र टाका, तो रकाना कॉपी करून फक्त किंमती म्हणून पेस्ट करा आणि मग त्यानुसार यादी लावा. पेस्ट करायचं विसरलात तर फाइल उघडेल तेव्हा आकडे बदलतील आणि तुमचं सॅम्पल कोणतं होतं हे तुम्हालाच सांगता येणार नाही. वरची हवी तितकी नावं घ्या. गावं निवडून काम असेल तर हेच प्रत्येक निवडलेल्या गावाच्या यादीवर करा. फाइलला तारीख घाला, पीडीएफ करून दोघांना मेल करा.

आता नावं बदलायची नाहीत. "हा आपला विरोधक आहे, याला काढा." "अमुक काका राहिलेच की, त्यांना घाला." पीक कापणी प्रयोगाला (निवडलेल्या शेतातला तुकडा कापून उत्पादन मोजतात त्याला) उभं राहिलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. गट नंबर आणि शेतातली जागा रँडम आकड्यांनी ठरलेली असते, आणि बांधावरचा प्रत्येक जण सांगत असतो की तो कोपरा नको, इकडून घ्या. एकदा सरकलात की तो कोपरा तुमच्या मर्जीचा झाला.

## टप्पा ६ : गावात गेल्यावर

इथे एकच नियम, पण तो पाळून घ्यायला तुम्हाला स्वतः जावं लागेल: निवडलेला माणूस भेटला नाही म्हणून दुसरा घ्यायचा नाही.

"सर, घराला कुलूप होतं. मग शेजारच्या काकूंना विचारलं."

"शेजारच्या काकू यादीत होत्या का?"

"नाही, पण त्यांचंही सोयाबीनच आहे की."

काकू घरी असतात, म्हणूनच काकू चुकीच्या आहेत. सतत शेजारची घरं घेत गेलात की सॅम्पलमध्ये घरी सापडणारी माणसंच उरतात: म्हातारी, दुकानवाली, सालगडी ठेवणारी. ज्याला रोज सकाळी सातला मजुरीला जावं लागतं तो गायब होतो. बीड जिल्ह्यातल्या तांड्यांवर आणि वाड्यांवर डिसेंबरात गेलात तर घरंच्या घरं कुलूपबंद दिसतील, कारण दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली माणसं गाळप संपल्यावरच परततात. त्या काळात केलेलं सर्वेक्षण गावाचं नसतं, गावात मागे राहिलेल्यांचं असतं. तारखा ठरवताना हे पाहा.

न भेटलेल्या माणसाकडे किमान तीनदा जा आणि वेगवेगळ्या वेळी जा. एकदा तरी संध्याकाळी सातनंतर जा. तरीही नाही भेटला तर "भेटला नाही" असं लिहा. तो कोरा फॉर्मही जपून ठेवायचा आहे.

कारण हिशेब असा असतो. ४०० निवडले, २०० भेटले, त्यातले १६० "हो" म्हणाले. अहवालात ८० टक्के छापून येतं. न भेटलेले सगळे "नाही" म्हणणारे असते तर खरा आकडा ४०, सगळे "हो" वाले असते तर ९०. म्हणजे तुम्हाला ४० ते ९० च्या मध्ये कुठेतरी एवढंच कळलंय. ३०० जणांपैकी २८० भेटले तर तो अहवाल यापेक्षा कितीतरी मोलाचा.

तपासा : पहिल्या दोन दिवसांत, दर मुलाखतकाराचे तीन-चार फॉर्म घेऊन तुम्ही स्वतः त्या शेतकऱ्यांना फोन करा. "आपल्याकडं आमचा माणूस आला होता का? काय काय विचारलं?" शेवटी करण्यात काही हशील नाही, तोपर्यंत पोरं घरी गेलेली असतात.

## टप्पा ७ : माल असेल तर

पोत्यांना मत नसतं, ती घर बंद करून ऊसतोडीला जात नाहीत. पण सॅम्पल काढणाऱ्याचा हात तोच असतो.

ढिगातून मूठ घेतली तर वरची येते. सोयाबीनच्या ढिगात वरचा थर उन्हाने वाळलेला असतो, गोल टपोरे दाणे घरंगळून कडेला येतात आणि माती-कचरा-चुरा मधल्या भागात आणि तळाला बसतो. कडेच्या मुठीत माल नेहमी चांगला दिसतो. ट्रकमधून आलेल्या कट्ट्यांचं सॅम्पल थप्पी लागल्यावर काढू नका, खालच्या कट्ट्यांपर्यंत कुणी पोचत नाही. ट्रकमध्ये २०० कट्टे असतील तर गाडी येण्याआधीच १ ते २०० मधले हवे तेवढे आकडे काढून कागद खिशात ठेवा. हमाल माल उतरवताना मोजणारा मोजतोच, आकडा लागला की तो कट्टा बाजूला घ्या. कागद गाडीवाल्याला दाखवायचा नाही. बाजूला काढलेल्या कट्ट्यात नळी वर, मध्ये आणि तळाशी अशी तीनदा खुपसा.

आता हे सगळं एकत्र करून एकच ओलावा मोजायचा का? पैसे द्यायचे असतील तर हो: एकत्र करा, पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि पुरेसं कमी होईपर्यंत हेच करत राहा. पण साठवण करायची असेल तर नाही. हमीभाव खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. दहा कट्ट्यांपैकी नऊ ११ टक्क्यांचे आणि एक २१ टक्क्यांचा असेल, तर एकत्र सरासरी बरोबर १२ येते. कागदावर माल पास, आणि थप्पीच्या मध्यात एक कट्टा तापून बुरशी धरतोय. ज्या कामासाठी सगळ्यात वाईट कट्टा शोधायचा आहे तिथे सरासरी काढू नका, प्रत्येक कट्टा वेगळा मोजा.

कारखान्यातला "दर लॉटचे दहा टक्के" हा नियम इथेही खोटा ठरतो. समजा मालात चार टक्के नग खराब आहेत आणि सॅम्पलमध्ये एकही खराब निघाला नाही तरच लॉट घ्यायचा असं ठरलंय. ५० च्या लॉटमधून ५ तपासले तर तो लॉट ८१ टक्के वेळा पास होतो. २०० मधून २० तपासले तर ४२ टक्के वेळा. १,००० मधून १०० तपासले तर दीड टक्काही नाही. माल तोच, नियम तोच. पुरवठादाराला हे कळलं की तो लॉट लहान करून पाठवायला लागतो.

म्हणून आयएस २५०० या सॅम्पल तपासणीच्या भारतीय मानकाच्या पहिल्या भागातले तक्ते वापरा, पण समजून. २,००० नगांचा लॉट, साधारण पातळीची तपासणी, एक्यूएल (चालवून घ्यायच्या खराबीची ठरवलेली पातळी) एक टक्का: १२५ नग तपासा, तीनपर्यंत खराब निघाले तर घ्या, चार निघाले की परत. इथे मॅनेजर हमखास फसतात. एक्यूएल एक टक्का म्हणजे घेतलेल्या लॉटमध्ये एक टक्क्याहून जास्त खराबी नाही, असं ते समजतात. तसं नाही. एक टक्का खराबीचा लॉट सुमारे ९६ टक्के वेळा पास होतो, ही पुरवठादाराची सोय झाली. तीन टक्के खराबीचा लॉटसुद्धा या नियमाने जवळजवळ निम्म्या वेळा पास होतो. ब्रेकच्या भागासाठी हे चालणार आहे का, ते तुम्ही ठरवायचं, तक्ता ठरवत नाही.

सावध : "तीस तपासले, एकही खराब नाही" म्हणजे शून्य खराबी नव्हे. तीनला तपासलेल्या नगांनी भागा. तीस तपासले असतील तर खराबी दहा टक्क्यांपर्यंत असू शकते. ती एक टक्क्याच्या आत आहे असं म्हणायला तीनशे तपासून एकही खराब निघता कामा नये.

## टप्पा ८ : हिशेब आणि अहवाल

थर पाडले असतील तर वजन द्या. आपल्या कंपनीत ६०० बागायतदार आणि ३,६०० जिरायतदार आहेत आणि दोन्हींतून १५०-१५० घेतले, असं समजा. बागायतदारांतले ७० टक्के आणि जिरायतदारांतले ४० टक्के माल आणायला तयार. सरळ सरासरी ५५ येते आणि बहुतेक अहवालांत तीच छापली जाते. खरं उत्तर ६०० आणि ३,६०० च्या वजनाने काढायचं: ते ४४.३ येतं. पहिल्या टप्प्यातल्या सहीच्या कागदावर ५० लिहिलं असेल तर इथे निर्णय उलटतो.

मग मर्यादेसह लिहा. "४४ टक्के" असं नाही, तर "४४ टक्के, साधारण सात टक्के इकडे-तिकडे". संचालकांना हे आवडत नाही, त्यांना एकच आकडा हवा असतो. त्यांना विचारा, पाऊस नक्की किती मिलिमीटर पडणार हे सांगणाऱ्या ज्योतिषावर तुम्ही पेरणी करता का?

अहवालाच्या पहिल्या पानावर, निष्कर्षाच्याही आधी, सॅम्पलची हकिगत पाच-सहा ओळींत द्या: यादी कोणती आणि कोणत्या तारखेची, त्यात कोण नाही, निवड कशी केली, किती निवडले, किती भेटले, किती वेळा गेलो, कोणत्या महिन्यात गेलो. बाहेरच्या एजन्सीने अहवाल आणला असेल तर आधी हेच पान मागा. "न भेटलेल्यांच्या जागी दुसरे घेतले का?" असं विचारा आणि समोरचा किती वेळ थांबतो ते पाहा. पान नसेल तर बिल मंजूर करायची घाई करू नका. यादी, रँड आकड्यांची फाइल आणि कोऱ्या फॉर्मांसकट सगळे फॉर्म तुमच्या ताब्यात घ्या. पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा विचारायचा असेल तेव्हा तुलना याच गठ्ठ्याशी करायची आहे.